विद्या आणि विहार

माझ्या भाच्याची बारावीची परीक्षा यंदा आटोपली आणि प्रवेशपरीक्षेत मिळालेल्या गुणांवर त्याच्यापुढे दोन वाटा मोकळ्या झाल्या. दोन्हीकडे विषय एकच, भूशास्त्र. परंतु ठिकाणे अशी की त्यांत शोधूनही साम्य सापडू नये. एक दिल्ली विद्यापीठातील नावाजलेले महाविद्यालय. घरापासून मेट्रोने पाऊण तासावर. दुसरे गढवालमधील श्रीनगर येथील, अलकनंदेच्या काठचे हेमवती नंदन बहुगुणा विद्यापीठ. दिल्लीपासून सुमारे साडेतीनशे किलोमीटर दूर, आणि त्यांतला ऋषिकेशच्या पुढचा सारा रस्ता डोंगराच्या कडेकडेने जाणारा. मुलगा बारा वर्षांचा असल्यापासून हिमालयात हिंडतो. सुटी लागण्याआधीच त्याची पाठपिशवी भरलेली असते. त्याने श्रीनगर निवडले आणि कारणही आडपडदा न ठेवता सांगितले : "मी ज्या तऱ्हेने जगतो, ती तऱ्हा जिथे मोडणार नाही, तिथेच मला शिकायचे आहे."

या एका वाक्याने घरात दोन तट पडले. मेहुण्यांचे म्हणणे, डोंगर सुटीत पाहावेत आणि पदवी शहरात घ्यावी. डोंगर कुठे पळून जात नाहीत. ताईचे म्हणणे निराळे. तिला पदवीची फारशी चिंता नाही. तिला रस्त्यांची, दरडींची आणि पावसाची चिंता आहे. दोघांचे एकमत एवढ्यावर झाले की मामाने मुलाला समजावून सांगावे. मी होकार दिला खरा. परंतु काय समजावून सांगावयाचे याचा विचार करू लागलो तेव्हा ध्यानात आले की मलाच ते नीटसे समजलेले नाही. त्या आठ-पंधरा दिवसांत जे सुचले, ते येथे मांडीत आहे.

महाविद्यालयाची निवड ही वरकरणी व्यवहाराची बाब आहे. फी किती, नाव केवढे, पुढे नोकरी कोणती, या तीन प्रश्नांत ती आपल्याकडे संपते. माझ्या पिढीत तर तीही संपत नव्हती, कारण ती सुरूच होत नव्हती. इंदुरात आमच्या घरापासून सायकलीने पंधरा मिनिटांवर एक महाविद्यालय होते. थोरला भाऊ तिथे शिकला म्हणून मी शिकलो. पुढे परीक्षा दिली, केंद्र सरकारच्या कचेरीत लागलो, दिल्लीला आलो. न निवडण्यातही एक सुख असते : चुकले तर दोष द्यावयास कोणी हाती लागत नाही. "माझ्या राहणीचा विचार करून माझे विद्यापीठ ठरवा" ही मागणी म्हणूनच आम्हांला चमत्कारिक वाटते. ती ऐकताच पहिला विचार मनात येतो तो हा की हा लाडावलेपणा आहे. विद्यार्थ्याने विद्येसाठी आपली राहणी बदलावी, ही आपली परंपरा. राहणीसाठी विद्येची जागा बदलावी, हे उलटे झाले. विद्येची इच्छा करणाऱ्याने सुखाचा नाद सोडावा, हा उपदेश आपण लहानपणी संस्कृताच्या पहिल्या पुस्तकाबरोबरच गिळलेला असतो.

परंतु हा उपदेश सुखाविषयी आहे. राहणी आणि सुख या दोन गोष्टी एकच आहेत काय? येथेच थोडे थांबावयास हवे. ज्याला उघड्यावर राहणे, चालणे, चढणे आवडते, त्याला आपण शौकीन म्हणतो, आणि ज्याला खोलीत बसून राहणे आवडते त्याला अभ्यासू म्हणतो. वस्तुतः खोलीत बसणे हाही एक शौक असू शकतो आणि रानात हिंडणे ही तपश्चर्या असू शकते. आवड आणि वृत्ती यांतला भेद आनंदावरून कळत नाही, कारण आनंद दोहोंतही असतो. तो कळतो कंटाळ्यावरून. एखाद्या गोष्टीसाठी मनुष्य किती कंटाळा, किती एकसुरी कष्ट निमूटपणे सोसावयास तयार आहे, हे पाहिले म्हणजे ती त्याची हौस आहे की वृत्ती आहे याचा उलगडा होतो. हौस कष्टांपाशी थांबते. वृत्ती कष्टांपाशी सुरू होते.

ही कसोटी मी भाच्याला लावून पाहिली. त्याच्या खोलीत पलंगाखाली खोक्यांतून दगड भरलेले आहेत. ताई वर्षातून एकदा ते टाकून देण्याची धमकी देते. मी एक दगड उचलला आणि विचारले, हा कुठला? त्याने क्षणाचाही विलंब न लावता सांगितले की हर की दूनच्या वाटेवर, अमुक ओढा ओलांडल्यावर डाव्या हाताला, त्या दिवशी सकाळी धुके होते. दुसरा उचलला, त्याचीही अशीच हकीकत. मग मी विचारले, हा दगड कोणत्या जातीचा? तो इथे कसा आला? मुलगा गप्प झाला. त्याच्यापाशी जागा होत्या, दिवस होते, धुके होते. दगडाचे नाव नव्हते. त्या खोक्यांत विहार काठोकाठ भरलेला होता आणि विद्येची जागा रिकामी होती. मला त्याचे कौतुक वाटले आणि त्याच वेळी प्रश्नाचे खरे स्वरूपही थोडेसे दिसू लागले.

छांदोग्य उपनिषदातील सत्यकाम जाबालाची कथा आपण बहुतेक त्याच्या जन्माच्या सत्यकथनासाठी सांगतो. आपल्या गोत्राचा पत्ता नसताना त्याने आईचे शब्द जसेच्या तसे गुरूपुढे ठेवले, एवढ्यावर आपली गोष्ट संपते. परंतु तिचा पुढचा भाग आपल्या विषयाच्या दृष्टीने अधिक मोलाचा आहे. गुरू हारिद्रुमत गौतम याने त्याचे उपनयन केले आणि लगेच चारशे रोड, अशक्त गायी त्याच्या हवाली केल्या. त्यांच्या हजार झाल्यावाचून परतणार नाही, असे म्हणून सत्यकाम रानात गेला आणि वर्षानुवर्षे तिथे राहिला. गुरूच्या घरी त्याने किती दिवस अध्ययन केले असेल? जवळजवळ एकही नाही. हजार गायी झाल्यावर परतीच्या वाटेवर त्याला चौघांनी ब्रह्माचा एकेक पाद सांगितला : बैलाने, अग्नीने, हंसाने आणि मद्गू नावाच्या पाणपक्ष्याने. त्यांनी काय सांगितले हे पाहण्यासारखे आहे. बैलाने चार दिशा सांगितल्या. अग्नीने पृथ्वी, अंतरिक्ष, द्युलोक आणि समुद्र. हंसाने अग्नी, सूर्य, चंद्र आणि वीज. पाणपक्ष्याने प्राण, डोळा, कान आणि मन. म्हणजे गुराख्याच्या दृष्टीस जे रोज पडते, तेच. उघड्या माळावर वर्षानुवर्षे राहिलेल्या माणसाला दिशा, आभाळ, वीज आणि स्वतःचा श्वास यांवाचून दुसरे सोबती कोण असणार?

येथपर्यंत कथा भाच्याच्या बाजूची आहे. रान हेच विद्यापीठ, असे तिचे सार काढावयास कोणाचा हात धरवणार नाही. परंतु उपनिषदकार तेथे थांबत नाही. सत्यकाम परत येतो, गुरू त्याचे तेजस्वी मुख पाहून विचारतो, तुला कोणी शिकविले? माणसांहून वेगळ्यांनी, असे तो उत्तर देतो, आणि लगेच विनंती करतो की तरीही आपणच मला शिकवावे. आचार्यांकडून मिळालेली विद्याच नीट फळास येते असे मी थोरांकडून ऐकले आहे. मग गुरू त्याला तीच विद्या पुन्हा सांगतो आणि तीत काहीही उणे राहत नाही. रानात जे मिळाले ते खोटे नव्हते. परंतु ते गुरूपुढे आणून ठेवावे लागले.

या कथेला लागूनच दुसरी कथा आहे आणि ती सहसा कोणी सांगत नाही. हाच सत्यकाम पुढे आचार्य होतो. त्याचा शिष्य उपकोसल बारा वर्षे त्याच्या घरी अग्नीची सेवा करतो. सत्यकाम इतर शिष्यांना निरोप देऊन घरी पाठवितो. उपकोसलाला पाठवीत नाही आणि काही शिकवीतही नाही. पत्नी त्याच्यासाठी रदबदली करते. सत्यकाम काही न बोलता प्रवासाला निघून जातो. उपकोसल दुःखाने अन्न सोडतो. तेव्हा ज्या अग्नींची त्याने बारा वर्षे राखण केली, तेच अग्नी बोलू लागतात आणि त्याला विद्या देतात. उरलेला मार्ग तुझे आचार्य सांगतील, असे म्हणून थांबतात. सत्यकाम परततो, शिष्याचे मुख पाहतो आणि त्याला तोच प्रश्न विचारतो, जो एकेकाळी त्याला स्वतःला विचारला गेला होता.

या दोन कथा शेजारी ठेवल्या म्हणजे आपला वाद निकालात निघाला नाही तरी सरळ होतो. जो रानात शिकला, त्यानेच आपल्या शिष्याला घरात ठेवले. एकाला चारशे गायी मिळाल्या, दुसऱ्याला तीन अग्नी. जागा वेगळ्या, अट एकच. ज्याची राखण केली, तेच बोलू लागले. गायी राखल्या नसत्या तर बैल बोलला नसता. अग्नी विझू दिले असते तर ते मुकेच राहिले असते. रानात नुसते हिंडणाऱ्यांना बैल कधीच बोलला नाही, आणि घरात नुसते बसणाऱ्यांना अग्नीही बोलला नाही. म्हणून विद्यार्थ्याच्या राहणीस कोणती जागा मानवते हा प्रश्न गैर नाही. मात्र तो पुरा विचारला पाहिजे. तिथे मला काय आवडेल, एवढ्यावर तो संपत नाही. तिथे मी कशाची राखण करणार, आणि ती राखण केल्यावर माझे गाऱ्हाणे ऐकणारा गुरू तिथे आहे काय, हे त्याचे पुढचे दोन चरण होत.

आपल्या काळात या प्रश्नाला संस्थेचे रूप देण्याचा मोठा प्रयत्न रवींद्रनाथांनी केला. १९०१ साली शांतिनिकेतनात त्यांनी काढलेल्या शाळेत वर्ग झाडांखाली भरत. १९२१ साली त्यातूनच विश्वभारती उभी राहिली, आणि झाडाखालच्या वर्गांची रीत तेथील शाळेत पुढेही चालत आली. शांतिनिकेतनाचा उल्लेख झाला की आपल्याकडे लोक कौतुकाने म्हणतात, मुलांना मोकळी हवा मिळते. हवा मिळते हे खरे. परंतु केवळ हवेसाठी एवढा खटाटोप कोणी करीत नाही. झाडाखाली बसलेल्या मुलाचे लक्ष खारीकडे जाणार, हे शिक्षकाला गृहीत धरावे लागते. भिंतींच्या आत शिक्षकाची सत्ता असते. झाडाखाली त्याला खारीशी स्पर्धा करावी लागते आणि शहाणा असला तर तो तिलाच धड्यात ओढतो. उघड्यावरचे शिक्षण विद्यार्थ्यापेक्षा शिक्षकाला अधिक कठीण असते. म्हणून महाविद्यालयाच्या माहितीपत्रकात मागे हिरवा डोंगर दिसतो की नाही हे पाहून काही उपयोग नाही. त्या डोंगरावर तेथील अध्यापक वर्षातून किती वेळा चढतात, हे विचारावे.

असे अध्यापक आपल्या देशात होऊन गेले आहेत. दाराशा नौशेरवान वाडिया हे सुरतेकडचे. बडोद्याच्या महाविद्यालयात शिकले आणि १९०७ साली जम्मूच्या महाविद्यालयात अध्यापक झाले. सुमारे चौदा वर्षे ते तिथे होते. सुटी लागली की ते विद्यार्थ्यांना घेऊन भोवतालच्या टेकड्यांत जात, खडक पाहत, नमुने गोळा करीत. भारताच्या भूशास्त्रावर विद्यार्थ्यांना हाती देण्याजोगे पुस्तक नाही, ही अडचण त्यांना वर्गात जाणवली आणि १९१९ साली त्यांनी ते लिहिले. पुढे कित्येक पिढ्या त्यावर शिकल्या. १९२१ साली, वयाच्या अडतिसाव्या वर्षी, ते भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणात गेले. वायव्येस नंगा पर्वताभोवती हिमालयाची रांग ज्या विलक्षण वळणाने वाकते, तिची त्यांनी केलेली उकल १९३१ साली प्रसिद्ध झाली. त्यांच्या आयुष्याकडे पाहिले म्हणजे विहार कोणता आणि विद्या कोणती हे वेगळे काढताच येत नाही. वर्गातली अडचण डोंगराकडे नेते, डोंगरातला दगड वर्गात येतो, आणि या येरझाऱ्यांतून पुस्तक जन्माला येते.

वाडियांच्या नावाने आज देहरादूनला हिमालयीन भूविज्ञानाची जी संस्था आहे, तिचीही हकीकत बोलकी आहे. १९६८ साली ती सुरू झाली ती दिल्लीत, विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्र विभागातील लहानशा जागेत. हिमालयाचा अभ्यास करणारी संस्था मैदानात जन्मली आणि १९७६ साली डोंगराच्या पायथ्याशी गेली. मेहुणे आणि भाचा या दोघांनाही मी ही गोष्ट सांगितली. मेहुणे म्हणाले, "पाहा, सुरुवात दिल्लीतच झाली." भाचा म्हणाला, "पाहा, शेवटी जावेच लागले." दृष्टान्ताचा स्वभावच असा की तो ज्याच्या हाती जाईल त्याचा होतो.

सलीम अलींचे उदाहरण याहून अवघड आहे आणि म्हणूनच ते टाळता येत नाही. मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयातील शिक्षण अर्धवट टाकून ते ब्रह्मदेशात धंद्यासाठी गेले. तिथे धंद्यापेक्षा रानाकडेच त्यांचे लक्ष अधिक. १९१७ साली परतल्यावर ते एका वाणिज्य महाविद्यालयात कायदा आणि हिशेब शिकू लागले. त्यांचा कल ओळखून फादर ब्लॅटर यांनी त्यांना प्राणिशास्त्राकडे वळविले; सकाळी हिशेब आणि नंतर प्राणिशास्त्र, असा त्यांचा दिवस जाऊ लागला. त्यांच्या नावापुढे विद्यापीठाची रीतसर पदवी कधी लागली नाही. तरुणांना हे उदाहरण फार आवडते, आणि त्यातला सोयीचा भाग तेवढाच ते उचलतात. पदवी नव्हती हे त्यांना आठवते. ज्या माणसाला रान पुरत होते, तो रानातून परत येऊन वर्गात बसला, हे आठवत नाही. आणि वडीलधाऱ्यांना दुसरा भाग आठवत नाही : हिशेबाच्या वर्गात बसलेल्या मुलाचा कल ओळखणारा कोणीतरी त्या शहरात होता.

हे सारे मनात घोळत असता एक रविवार मी भाच्याला घेऊन दिल्ली विद्यापीठामागच्या रिजवर गेलो. माकडे, बाभळी, सकाळी फिरावयास येणारे सेवानिवृत्त लोक, असे ते नेहमीचे ठिकाण. मी त्याला म्हटले, तू हिमालय हिमालय करतोस, पण तुझ्या पायाखाली काय आहे ते ठाऊक आहे का? हा अरवलीचा शेवटचा धागा. याचा कठीण गारगोटी खडक शंभर कोटी वर्षांहून जुना. भारताची भूमी उत्तरेकडील खंडावर जाऊन आदळली आणि हिमालय उचलू लागला, त्याला फार तर पाच-सहा कोटी वर्षे झाली. म्हणजे हिमालय याच्यापुढे पाळण्यातले मूल. अठरा वर्षे तू या म्हाताऱ्या डोंगराच्या अंगाखांद्यावर राहिलास आणि तुला तो डोंगर वाटलाच नाही, कारण तो थकलेला आहे आणि त्याच्यावर बर्फ पडत नाही. मुलगा खाली बसला, एका खडकावर हात फिरवीत बराच वेळ राहिला. मग म्हणाला, "मामा, हे मला कोणी सांगितले नव्हते." मी म्हटले, मलाही पुस्तकानेच सांगितले. बाहेरच्या जगात राहण्यासाठी दूर जावे लागते, ही त्याची समजूत त्या दिवशी थोडी हलली. मात्र त्याने श्रीनगर सोडले नाही. आणि त्याने ते सोडावे असे मलाही आता खात्रीने वाटत नव्हते.

म्हणून आम्ही दोघे श्रीनगर पाहून आलो. मी तीन दिवसांची रजा काढली. गाव खोऱ्यात वसलेले. उंची फार नाही, उन्हाळा चांगलाच जाणवतो. ज्यांना बर्फाची स्वप्ने पडतात त्यांची इथे प्रथमदर्शनी निराशाच व्हावी. परंतु अलकनंदेने युगायुगांत टप्प्याटप्प्याने सोडलेल्या सपाट पायऱ्या तिथे अशा उघड दिसतात की नदीचा इतिहास कोणी जिन्यासारखा रचून ठेवला आहे. जवळूनच खडकांच्या थरावर थर चढल्याची एक प्रचंड फट जाते. विद्यापीठ १९७३ साली स्थापन झाले. त्याच वर्षी याच गढवालात, गोपेश्वरकडच्या मंडल गावी, झाडांना मिठ्या मारण्याचे आंदोलन सुरू झाले आणि पुढच्या वर्षी रैणी गावच्या बायका गौरादेवींच्या पाठीमागे उभ्या राहिल्या. तुंगनाथाच्या उंचीवर विद्यापीठाचे वनस्पतींच्या अभ्यासाचे केंद्र आहे. एवढे ऐकूनच भाच्याचे डोळे चमकले.

त्याच संध्याकाळी एका चहाच्या टपरीवर एका विद्यार्थ्याशी गाठ पडली. वरच्या एका गावचा मुलगा. वयाने भाच्याहून दोन वर्षांनी मोठा. भाच्याने त्याला उत्साहाने विचारले की सुटीत कुठे कुठे चढाई करतोस? तो हसला. म्हणाला, "घरी जातो. बसथांब्यापासून घर वर आहे, दीड तास चढायचे. आई एकटी असते. गवत कापतो, लाकडे आणतो." भाच्याने विचारले, इथेच का शिकतोस? तो म्हणाला, "घरापासून हेच जवळ." आणि पुढे काय करणार, याला त्याचे उत्तर होते, "दिल्लीला येईन. तिथे काम मिळते." हे तो तक्रारीच्या सुरात बोलला नाही. चहा संपवून, आमच्या पैशांना हात लावू न देता, तो निघून गेला.

परतीच्या गाडीत ऋषिकेश येईपर्यंत भाचा काही बोलला नाही. मीही बोललो नाही. ज्याला तो आपली राहणी म्हणत होता, ते त्या मुलाचे ओझे होते. एक जण दिल्लीहून डोंगरात जाऊ पाहत होता, दुसरा डोंगरातून दिल्लीला. दोघेही एका बाकावर बसून चहा प्यायले. ज्या मोकळ्या हवेची आपण किंमत मोजतो, ती ज्यांना फुकट मिळते त्यांना ती सोडून जावे लागते, कारण हवेवर पोट भरत नाही. निवड करता येणे हीच मुळी एक मिळकत आहे, आणि आपण ती कमावलेली नसते; आई-बापांच्या पगारातून ती आलेली असते. अशी मिळकत उधळणे हा अपराध आहे, हे कोणीही सांगेल. परंतु ती पेटीत कुलूप लावून ठेवणे हाही त्याहून लहान अपराध नव्हे. तिचा ऋणको होऊन ती वापरावी, एवढाच एक मार्ग मला दिसतो.

राहिला ताईचा प्रश्न. तिचे भय खोटे म्हणता येत नाही. जून २०१३ च्या पुरात अलकनंदेने श्रीनगरच्या सखल भागात गाळ भरला. फेब्रुवारी २०२१ मध्ये ऋषिगंगेच्या लोंढ्याने त्याच रैणी गावाजवळ माणसे वाहून नेली. ऑक्टोबर २०२२ मध्ये द्रौपदी का डांडा या शिखरावर हिमकडा कोसळून गिर्यारोहण शिकावयास गेलेली तरुण मुले गेली. हे ताईने वाचलेले आहे आणि ती ते विसरत नाही. शहरातही अपघात होतात, हे तिला सांगण्याचा मोह मला झाला होता. तो मी आवरला. आईच्या भयाला आकडेमोडीने उत्तर देणे हा उद्धटपणा आहे. मी तिला एवढेच म्हटले की ज्या विद्येसाठी तो जात आहे, ती विद्या या प्रश्नाचीच आहे : डोंगर कुठे सरकतो, नदी कुठवर चढते, घर कुठे बांधू नये. भय टळणार नाही. परंतु डोंगर आवडणाऱ्या मुलाला डोंगर न शिकविणे, हे मला अधिक धोक्याचे वाटते. अज्ञानी प्रेमानेच माणसे कड्यावर जातात. ताई म्हणाली, "तू त्याच्या बाजूचा झालास." मी म्हटले, "अजून नाही."

कारण माझाही एक हिशेब बाकी होता. सल्ला देणाऱ्याने आधी आपला हात तपासून पाहावा. कचेरीत पंधरा वर्षे दुसऱ्यांच्या प्रकरणांवर टिपणी लिहिली म्हणजे एक सवय जडते : निर्णय वरच्याने घ्यावयाचा, आपण साधकबाधक मांडून खाली सही करावयाची. हा मुलगा श्रीनगरला जावा असे मला वाटते, ते त्याच्या हितासाठी, की मी स्वतः कुठेच गेलो नाही म्हणून? आणि जाऊ नये असे वाटले, तर ते शहाणपण, की मत्सर? या दोन प्रश्नांची उत्तरे मला स्वच्छ देता आली नाहीत. ज्याला ती देता येत नाहीत, त्याने दुसऱ्याची वाट ठरवू नये. फार तर तिच्यावरचे दिवे पेटवावे. म्हणून मी भाच्याला सल्ला दिला नाही. तीन प्रश्न दिले आणि उत्तरे लेखी मागितली. पहिला : पावसाच्या महिन्यांत, रस्ते बंद असताना, खोलीत बसून सूक्ष्मदर्शकाखाली खडकाचे पातळ काप पाहत तुला दिवस काढावे लागतील, ते तू काढशील काय? दुसरा : तिथे अध्यापकांपैकी कोणाबरोबर तुला काम करावयाचे आहे आणि ते काय करतात? तिसरा : तो चहावरचा मुलगा दिल्लीला येईल तेव्हा त्याच्या डोंगराचे तू काय केलेले असशील?

चार दिवसांनी त्याने कागद आणून दिला. पहिल्याचे उत्तर होते, "काढीन, पण कंटाळा येईल." मला ते आवडले. दुसऱ्यासाठी त्याने विभागातील दोघांना पत्रे लिहिली होती. एकाचे उत्तर आले होते आणि त्याने नदीच्या त्याच पायऱ्यांवरील आपल्या कामाची माहिती कळविली होती. तिसऱ्यापुढे त्याने काहीच लिहिले नव्हते. मी विचारले, हा का सोडलास? तो म्हणाला, "मामा, हा आत्ता लिहिला तर खोटे लिहीन. तिथून लिहीन."

मी तो कागद मेहुण्यांपुढे ठेवला. त्यांनी तो दोनदा वाचला आणि फीची रक्कम विचारली. आमच्या घरांत संमती याच शब्दांत दिली जाते. ताईने त्या रात्री काही म्हटले नाही. दुसऱ्या दिवशी मी गेलो तेव्हा ती भाच्याच्या खोलीत जमिनीवर बसली होती. पलंगाखालची खोकी बाहेर काढलेली, आणि प्रत्येक दगडाला ती कागदाची चिठ्ठी चिकटवीत होती. भाचा बाजूला उभा राहून जागा आणि दिवस सांगत होता; ती लिहीत होती. चिठ्ठीवर तिने एक ओळ मोकळी ठेवली होती. ती कशासाठी, असे मी विचारले तेव्हा मान वर न करता ती म्हणाली, "नावासाठी. ते तो शिकून आल्यावर लिहील."